बंद शटरमागचा काळा धूर

धुराकडे बघून मी संसार केला असं सांगितलं की लोकांना वाटतं, मी वीटभट्टीवर होतो. तसं नाही. मी डिझेल इंजिनांचा मेकॅनिक. जबलपूरला एका डीलरच्या सर्व्हिस विभागात मी एकतीस वर्षं काढली. ट्रक, डंपर, बोअरवेलच्या गाड्या, कारखान्यांचे मोठे जनरेटर, सगळं केलं. पण पुढे पुढे माझ्याकडे एकाच तक्रारीचे फोन यायला लागले. "खेडकर साहब, बहुत धुआँ मार रही है."

चांगल्या इंजिनाचा धूर दिसत नाही. तो दिसायला लागला म्हणजे आत काहीतरी बिनसलंय. निळा दिसला तर इंजिन स्वतःचं ऑइल जाळतंय. पांढरा दिसला तर डिझेल न जळताच बाहेर पडतंय, नाहीतर पाणी आत शिरतंय. आणि काळा म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. मग कोणता सिलिंडर दगा देतोय ते शोधायचं. एकेका सिलिंडरचा डिझेलचा पाइप सैल करायचा आणि इंजिनाचा आवाज ऐकायचा. ज्याचा पाइप सैल करूनही आवाज बदलत नाही, तो आधीपासूनच मेलेला. धुराच्या पाइपाच्या तोंडाशी पांढरा रुमाल धरून मी डाग बघायचो, मग तो हुंगायचो. माझी बायको सुषमा ते रुमाल घरच्या कपड्यांत कधी धूत नसे. एकदा तीन मेकॅनिकांनी उघडून बंद केलेल्या बसचा धूर मी नुसता हुंगला आणि गोडसर वास आल्याबरोबर सांगितलं की रेडिएटरचं पाणी आत जातंय. त्या मालकाने माझ्या नाकाची कीर्ती अर्ध्या जबलपुरात पसरवली. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला सांगू?

त्या नाकाला एकदा जो वास आलाच नाही, त्याची ही गोष्ट. निवृत्तीच्या आदल्या हिवाळ्यातली.

आमच्याकडे थंडीत मटार उदंड येतो. पाटण रोडला मटार गोठवण्याचा एक कारखाना होता. शेंगा आल्या की सोलायच्या, उकळत्या पाण्यातून काढायच्या आणि लगेच गोठवायच्या. मध्ये मशीन थांबली तर सगळा माल काळवंडतो. दुपारी शेतांवरचे पंप सुरू झाले की तिकडची वीज पार मंदावायची, म्हणून रोज दुपारी तीन-चार तास मोठा जनरेटर चालवावा लागे. मालक नितिन भैया, पस्तिशीतला, स्वभावाने बरा माणूस. त्याची तक्रार साधी होती. जनरेटर काळा धूर ओकतोय आणि डिझेल भसाभसा पितोय.

मी गेलो. कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून जनरेटरची खोली होती. पुढे लोखंडी शटर, कोपऱ्यात प्लायवुडची, काच लावलेली छोटी केबिन, ऑपरेटरला बसायला. मी पोचलो तेव्हा शटर वर केलेलं, खोली झाडलेली, माझ्यासाठी खुर्ची मांडलेली. इंजिन चालू करून पूर्ण लोड टाकला. धुराचा पाइप छतावरून बाहेर निघत होता. दहा मिनिटं वर बघत उभा राहिलो. नुसती गरम हवा थरथरत होती, धुराचा मागमूस नाही.

तरी एअर फिल्टर बदलला, डिझेलचा फवारा मारणारे इंजेक्टर काढून तपासून आणले. आठवड्याने पुन्हा फोन. पुन्हा गेलो, पुन्हा इंजिन स्वच्छ. असं चार वेळा झालं. मी निघालो की दुसऱ्याच दिवशी नितिन भैया मोबाइलवर व्हिडिओ पाठवायचा. छतावर काळाकुट्ट खांब उभा असल्यासारखा धूर.

"आप आते हो तो शरीफ बन जाती है," तो म्हणाला. हसला, पण त्याला हसू येत नव्हतं. मलाही.

चौथ्या खेपेला ऑपरेटरने मला बाजूला घेतलं. भगीरथ त्याचं नाव. पन्नाशीचा, काटकुळा, कानाभोवती मफलर गुंडाळलेला. डोळे लाल, चालताना झोक जायचा, बोलताना शब्द अडकायचे. त्याने माझी बाही धरली.

"साहब, इंजन को छोड़ो. उसको देखो."

त्याने केबिनच्या मागचा कोपरा दाखवला. तिथे भिंत होती आणि भिंतीलगत वर छताकडे जाणारा धुराचा जाड पाइप, उष्णतेसाठी पांढऱ्या पट्ट्या गुंडाळलेला. बाकी काही नाही.

त्याने सांगितलं ते असं. दुपारी जनरेटर चालू करून तासभर झाला की त्या कोपऱ्यात एक बाई येऊन बसते. पाठमोरी. मटार सोलते. तोंड कधी फिरवत नाही. आणि शेंगा फुटल्याचा आवाज येतो, टप्, टप्, अगदी कानाशी.

मी हसलो. त्या खोलीत कानात बोळे घालूनही छाती हादरते, माणूस कानाशी ओरडला तरी ऐकू येत नाही, आणि हा शेंग फुटल्याचा आवाज सांगतोय. नितिन भैयाने त्याला दवाखान्यात नेऊन आणलं होतं. बोटाला लावायच्या यंत्रात ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव, बीपी ठीक. म्हणजे ढोंग, नाहीतर बाटली.

त्या दिवशीच्या रिपोर्टात मी हिंदीत दोन ओळी लिहिल्या. इंजन में कोई दोष नहीं. ऑपरेटर ड्यूटी पर नशे की हालत में पाया गया. खाली सही, शिक्का. दुसऱ्या दिवशी भगीरथला काढून टाकलं. मला कळलं तेव्हा मी दुसऱ्या एका डंपरच्या धुराकडे बघत होतो.

त्याच्या जागी संतोष आला. पांढुर्ण्याचा, चाळिशीचा, गुळगुळीत दाढी केलेला, कामाला चोख. आपला मराठी माणूस म्हणून मला आनंद झाला. जनरेटरने धूर सोडणं मात्र थांबवलं नाही. आणि दहा-बारा दिवसांनी, मी घरी जेवायला बसलो असताना, त्याचा फोन आला.

"साहेब, तुम्ही आपले आहात म्हणून विचारून राहिलो. मला येडा समजू नका. इथं मटार सोलणारी कोणी बाई मेली होती काय?"

माझा घास हातातच राहिला. "तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. कोण सांगणार? इथल्या बाया माझ्याशी बोलतच नाहीत. ते कोपऱ्यात येऊन बसते, साहेब. मी तंबाखूलाही हात लावत नाही, तुम्हाला माहीत आहे."

मी फोन ठेवला. सुषमाने ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"काहून असे बसले? जेवा नं."

तिला सगळं सांगितलं. सुषमा शाळेत विज्ञान शिकवायची. भुताचं तिने उडवून लावलं, पण एक प्रश्न विचारला. "ते इंजिन तुमच्यासमोरच शहाण्यासारखं काहून वागते? तुम्ही गेले की तिथं काय बदलते?"

"काही नाही. मी काय, बघतो फक्त."

"अच्छा, पाहुणा आला की मी समोरचं दार उघडते, खिडक्या उघडते. तुम्ही जाता तर ते लोक काय उघडतात?"

शटर. मी हात धुतलेच नाहीत नीट, तसाच उठलो. माझ्यासाठी शटर वर करून ठेवलेलं असायचं. एरवी थंडी, धूळ आणि आवाज म्हणून ते बंद. मी ते बंद असताना इंजिन चालताना एकदाही पाहिलं नव्हतं. चार वेळा जाऊनही नाही.

त्याच दुपारी मी तिथे पोचलो. नितिन भैया बाजारात गेला होता. संतोषला सांगितलं, "तू बाहेर उभं राहून पाइपाकडे बघ. धूर काळा झाला की मला मोबाइलवर मेसेज कर. शटर खाली घे. मी आत बसतो."

"तुम्ही एकटे?" त्याने विचारलं.

"मग काय, बाईला सोबत नको?" मी म्हणालो. तो हसला नाही.

शटर खाली आलं. केबिनमध्ये बसून मी वहीत दर दहा मिनिटांनी आकडे लिहू लागलो. ऑइलचा दाब, पाण्याचं तापमान, लोड. अर्ध्या तासात इंजिनाचा सूर जड झाला. चढावर गाडी दमते तसा. चाळीस मिनिटांनी संतोषचा मेसेज आला. काळा झाला साहेब.

मला काय आनंद झाला! रोग सापडला होता. इंजिनाला हवा कमी पडत होती. रेडिएटरचा पंखा खोलीतली हवा बाहेर फेकतो; तेवढीच ताजी हवा कुठून तरी आत आली पाहिजे. ती कुठून यायची ते शोधलं की काम संपलं. काळा धूर म्हणजे हवा कमी, हे मी उभ्या आयुष्यात हजार लोकांना सांगितलं असेल. पण इंजिनाला जिथे हवा पुरत नाही तिथे बसलेल्या माणसाचं काय होत असेल, हे माझ्या डोक्यात त्या क्षणीही आलं नाही. डोकं थोडं दुखत होतं. म्हटलं, घाईत जेवण अर्धं राहिलं. मी लिहीत बसलो.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मग आवाज आला. टप्. थोडं थांबून, टप्, टप्. इंजिनाच्या गडगडाटाच्या वर नाही, खालीही नाही. वेगळाच, जवळचा, सावकाश. थंडीच्या दिवसांत घरोघरी येतो तोच. मला त्याचं नवल वाटलं नाही, हे मला आज सगळ्यात भयंकर वाटतं. मी काचेतून बघितलं. ती बसली होती. मातकट लुगडं, पाठ वाकलेली, कोपर हलत होतं. मला वाटलं, किती नीटनेटकं काम करतेय ही. उठावंसं वाटेना. हात मांडीवर पडले होते ते माझे वाटत नव्हते. भीती अजिबात नव्हती. तिथे बसायला छान वाटत होतं.

मग तो आवाज थांबला. आणि त्याच्याबरोबर इंजिनाचाही आवाज थांबला.

पूर्ण शांतता. समोर पंखा फिरत होता, पट्टा फिरत होता, पण आवाज नाही. तुम्हाला हे कसं समजावू? एकतीस वर्षं ज्याने इंजिनं ऐकली, त्याच्यासाठी लोडवर चालणारं इंजिन एकदम गप्प होणं म्हणजे जाम होणं, आत काहीतरी तुटणं. मन काही म्हणायच्या आत माझं शरीर उठलं. कुठलाही विचार केला नाही, नुसती सवय. इंजिन बंद पडलं की उठायचं. मी केबिनचं दार ढकललं, पाय वळले नाहीत, आणि तोंडावर खाली पडलो. फरशीवर गार हवेची एक धार होती, शटरच्या खालच्या फटीतून येणारी. तिच्या दिशेने सरपटलो. शटरवर हात आपटले. वाटेत मागे वळून बघितलं नाही.

संतोष बाहेर मेसेज करून करून थकला होता. उत्तर येईना म्हणून शटरशी आलाच होता. त्याने ते वर केलं आणि मला ओढून उन्हात टाकलं. इंजिनाचा आवाज तेव्हा परत आला, एकदम, कान फाटतील असा. ते बंद पडलंच नव्हतं.

दवाखान्यातही बोटाच्या यंत्राने अठ्ठ्याण्णवच दाखवले. पण तिथली डॉक्टर तरुण आणि हुशार होती. मी कुठे होतो ते विचारून तिने रक्त तपासायला पाठवलं आणि तोंडाला ऑक्सिजन लावला. अर्धवट जळलेल्या धुरातला एक वायू असतो, कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात तो ऑक्सिजनची जागा बळकावतो, आणि ते बोटाचं यंत्र दोघांतला फरक ओळखत नाही. डोकं दुखतं, झोक जातो, शब्द अडकतात. नसलेलं दिसतं, नसलेलं ऐकू येतं. "दारू प्यायल्यासारखाच दिसतो माणूस," असं ती हिंदीत म्हणाली, आणि मी भिंतीकडे तोंड फिरवलं.

संध्याकाळच्या आत सुषमा आली. माझा हात धरून बसली. मग म्हणाली, "मी बोलली म्हणून तुम्ही गेले." तिला वाटत होतं तिच्यामुळे झालं.

दुसऱ्या दिवशी संतोष माझी वही घेऊन आला. शेवटचं पान उघडून त्याने माझ्यासमोर धरलं. आकडे लिहिता लिहिता माझ्या अक्षराच्या ओळी उजवीकडे घसरत गेल्या होत्या. सगळ्यात खाली, माझ्याच हाताने लिहिलेलं होतं: बाई आहे. डाव्या हाताने सोलते.

मला ते लिहिल्याचं आजही आठवत नाही.

"साहेब," संतोष म्हणाला, "ते डावखुरी आहे हे मी तुम्हाला फोनवर नव्हतं सांगितलं. कोणालाच नव्हतं सांगितलं."

मी वही मिटली. याचा हिशेब मला लागलेला नाही. विषारी वायूने डोळ्यांसमोर काहीबाही येतं हे मान्य. भगीरथकडून ऐकलेलं माझ्या डोक्यात होतं, तेच दिसलं, हेही मान्य. संतोषला नंतर आठवताना भास झाला असेल. असेल. मी मेकॅनिक आहे, याच्या पुढचं मला उघडता येत नाही.

जे उघडता येत होतं ते बरा झाल्यावर उघडलं. ताजी हवा आत यायची जाळी मागच्या भिंतीत होती. आवाजाची तक्रार शेजाऱ्यांनी केली म्हणून नितिन भैयाने ती पत्रे आणि स्पंज लावून बंद केली होती. धुराच्या पाइपावरच्या पांढऱ्या पट्ट्या सोडल्या तर आतला जोड अर्धा फाटलेला, बरोबर केबिनच्या डोक्यावर. शटर खाली असलं की पंखा हवा बाहेर ओढायचा, आत नवी येत नसे, आणि इंजिन स्वतःचाच धूर पुन्हा पुन्हा पीत बसे. जितका धूर प्यायचं तितका जास्त काळा सोडायचं. आणि मधे ऑपरेटर बसलेला. जाळी उघडली, जोड बदलला, केबिन तोडून त्यातलं बटणांचं पॅनल बाहेर अंगणात नेलं. धूर थांबला. बाईही.

"भगीरथला परत बोलवा," मी नितिन भैयाला सांगितलं.

तो खाली बघत म्हणाला, "बुला लेंगे. पर साहब, लिखा तो आप ही ने था."

पाटणच्या पुढे भगीरथचं गाव. मी एकटाच स्कूटरने गेलो. सकाळची वेळ होती. तो अंगणात खाटेवर उन्हात बसला होता, गळ्यात दोन ताईत, मनगटावर काळा दोरा. मला ओळखायला त्याला वेळ लागला. बोलताना साधे शब्द सापडत नव्हते. 'चाबी' म्हणायचं असलं की हाताने फिरवून दाखवायचा. डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं होतं, असं राहू शकतं काही लोकांना.

मी त्याला सगळं सांगितलं. पाइप, जोड, वायू. मलाही ती दिसली हेही सांगितलं. मग त्याने घराकडे बघून हाक मारली. त्याची बायको बाहेर आली, पदर ओढून खांबाशी उभी राहिली.

"इसको बोलो, साहब," तो म्हणाला. "इसको बोलो मैं पीता नहीं था."

मी तिला सांगितलं. चूक माझी होती, इंजिनाची होती, मालकाची होती, त्याची नव्हती. हात जोडले. ती सावकाश म्हणाली, "हमको तो कभी बास नहीं आई इनके मुँह से. एक दिन भी नहीं. पर साहब ने लिख दिया था, तो हमने सोचा साहब लोग जानते होंगे."

रुमाल हुंगून रोग सांगणारा मी. त्या माणसाने माझी बाही धरली होती, त्याचं तोंड माझ्या तोंडापासून वीतभर होतं. मी श्वास घेतला असता तर कळलं असतं. मी घेतला नाही. मला आधीच ठाऊक होतं.

तिथेच बसून मी जुना रिपोर्ट खोटा असल्याचं कागदावर लिहिलं, सही केली आणि कागद तिच्या हातात दिला. तिला वाचता येत नव्हतं. तिने तो नीट घडी करून ठेवला. भगीरथ पुढे कामावर गेला नाही. मशीनजवळ त्याला नको वाटतं. नितिन भैयाने त्याच्या मुलीला हिशेबाच्या खोलीत घेतलं, इतकं मी भांडून करवलं. त्याने काही भरून आलं असं मी म्हणत नाही.

निघताना भगीरथ मला रस्त्यापर्यंत सोडायला आला. हळूहळू, झोक सावरत. स्कूटरजवळ थांबून त्याने आजूबाजूला कोणी नाही हे बघितलं.

"गैस थी. मान लिया," तो म्हणाला. "पर साहब, दिन भर उधर कोई बोलने वाला नहीं रहता. वो बैठी रहती थी तो... अच्छा लगता था."

मी मान हलवली. मला माहीत होतं, छान वाटत होतं ते.

मग त्याने विचारलं, "आपने उसको उठ के जाते देखा?"

मी आठवून बघितलं. शटरकडे सरपटलो तेव्हा मी मागे बघितलंच नव्हतं.

"नाही," मी मराठीतच बोलून गेलो. त्याला कळलं.

"मैंने भी नहीं देखा," भगीरथ म्हणाला.